‘आमच्याकडे पूर्वापार खातात’ हा पुरावा कधी होतो? एका सुकवलेल्या बेरीची गोष्ट

समजा, तुम्ही एक सुकवलेलं फळ घेऊन युरोपात गेलात. तिथल्या बिस्किटात, चहात किंवा गोळीत घटक म्हणून ते विकायचं आहे. कीटकनाशकांचे अंश तपासले, बुरशीची विषं तपासली, जड धातू तपासले, सगळे रिपोर्ट फाइलला लावले. तरीही फाइल उघडणारा अधिकारी आधी एक वेगळाच प्रश्न विचारतो: हे फळ याआधी कोणी खाल्लं, कुठे खाल्लं आणि कधीपासून?

हा प्रश्न प्रयोगशाळेचा नाही, इतिहासाचा आहे. विज्ञान शाखेतून आलेल्या आपल्यासारख्यांना तो जरा विचित्र वाटतो. सुरक्षितता म्हणजे उंदरांवरचे प्रयोग, मात्रा आणि परिणाम यांचा आलेख, सांख्यिकी, अशी आपली सवय. पण गेल्या साठ-सत्तर वर्षांत जगातल्या मोठ्या अन्नकायद्यांनी ‘वापराचा इतिहास’ हा सुरक्षिततेचा पुरावा म्हणून मान्य केलाय. मग पुढचे प्रश्न आपोआप येतात. कुणाचा इतिहास धरायचा? कोणत्या तारखेपर्यंतचा? कागद नसेल तर काय?

आज हे प्रश्न एका छोट्या लाल फळाच्या आधाराने समजून घेऊया. संशोधनाची तयारी करणाऱ्यांनी ही गोष्ट वाचावी असं मला वाटतं, कारण ‘पुरावा’ या शब्दाचा अर्थ यात चार वेळा बदलतो.

फळ कोणतं?

पश्चिम आफ्रिकेतल्या एका झुडपाला कॉफीच्या बीएवढी, लांबट, लाल फळं येतात. शास्त्रीय नाव सिनसेपॅलम डल्सिफिकम. लोकांमध्ये नाव ‘मिरॅकल बेरी’. कुळ विचाराल तर आपल्या ओळखीचंच आहे: चिकू, बकुळ, मोह आणि खिरणी ज्या सॅपोटेसी कुळातल्या, त्याच कुळातलं हे फळ.

फळाला स्वतःची फारशी चव नाही. पण गर जिभेवर घोळवून नंतर लिंबू खाल्लं तर लिंबू गोड लागतं, आणि हा परिणाम अर्धा-एक तास किंवा त्याहून जास्त टिकतो. कारण फळात मिरॅक्युलिन नावाचं एक प्रथिन आहे. ते जिभेवरच्या गोड चवीच्या ग्राहकाला जाऊन चिकटतं. तोंडातलं वातावरण उदासीन असेपर्यंत गप्प बसतं, आणि आम्ल आलं की तो ग्राहक चालू करतं. म्हणजे आंबट पदार्थ बदलत नाही, आपली जीभ त्याला गोड म्हणू लागते.

फळ तोडल्यावर दोन-तीन दिवसांत खराब होतं. तापवलं तर प्रथिन निकामी होतं. त्यामुळे ते दूरच्या बाजारात न्यायचं तर थंडीत गोठवून सुकवणं हाच व्यवहार्य मार्ग. हा ‘सुकवलेली’ शब्द लक्षात ठेवा, पुढे तो महत्त्वाचा होणार आहे.

पहिला पुरावा: परक्याची नोंद

ही बेरी पश्चिम आफ्रिकेत किती शतकं खाल्ली जातेय याचा आकडा कोणी देऊ शकत नाही. लेखी पुरावा मात्र १७२५ च्या सुमाराचा आहे. शेव्हालिए दे मार्शे नावाचा फ्रेंच दर्यावर्दी आणि नकाशाकार गिनीच्या किनाऱ्यावर गेला होता. गुलामांच्या व्यापारातली ती सफर. तिथल्या लोकांना जेवणाआधी हे फळ चघळताना पाहिल्याची नोंद त्याच्या नावावर आहे. पण त्याचा वृत्तांत १७३० मध्ये पॅरिसला छापला तो जाँ-बाप्तिस्त लाबा या धर्मगुरूने, आणि लाबा स्वतः आफ्रिकेत कधी गेलेलाच नव्हता.

इथे थोडं थांबा. आपल्या हातात पहिला ‘स्रोत’ आला, पण तो कसा आहे? पाहणारा एक, छापणारा दुसरा. ज्यांचं अन्न आहे त्यांचं नाव कुठेच नाही. किती खायचे, रोज की क्वचित, मुलं खायची का, गरोदर बायका टाळायच्या का, यातलं काहीही त्यातून हाती लागत नाही. प्रवाशाला नवल वाटलं ते त्याने टिपलं. इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे ओळखीचं आहे: स्रोत लिहिणाऱ्याच्या कुतूहलाला उत्तर देतो, आपल्या प्रश्नाला नाही.

दुसरी महत्त्वाची नोंद १८५२ ची. विल्यम फ्रीमन डॅनिएल हा ब्रिटिश लष्करी डॉक्टर. त्याने लंडनच्या ‘फार्मास्युटिकल जर्नल’मध्ये या बेरीवर लेख लिहिला. ही नोंद जास्त कामाची आहे, कारण त्यात वापर सांगितलाय: मक्याच्या आंबवलेल्या पिठाचे शिळे, आंबट झालेले गोळे आणि आंबट ताडी खाता-पिता यावी म्हणून लोक ही बेरी खातात. म्हणजे गंमत म्हणून खायची वस्तू नव्हती ती. आंबवलेल्या अन्नावर जगणाऱ्या समाजाच्या स्वयंपाकात तिला काम होतं.

मग १९६८. केन्झो कुरिहारा आणि लॉइड बायडलर यांनी मिरॅक्युलिन वेगळं करून ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलं. त्याच सुमारास दुसऱ्या एका गटानेही तेच काम स्वतंत्रपणे केलं होतं. आता बेरी ‘घटक’ झाली. तिची किंमत फळ म्हणून ठरेना, आतल्या प्रथिनामुळे ठरू लागली.

दुसरा पुरावा: १ जानेवारी १९५८ ची रेषा

अमेरिकेत याच काळात साखरेला पर्याय शोधण्याची घाई सुरू होती. ऑक्टोबर १९६९ मध्ये सायक्लामेट या कृत्रिम गोडीवर सरकारने बंदी जाहीर केली आणि बाजारात मोठी जागा रिकामी झाली. रॉबर्ट हार्वी या तरुण उद्योजकाने मिरॅलिन नावाची कंपनी काढून या बेरीपासून उत्पादनं बनवायला घेतली. १९७४ मध्ये, बाजारात उतरायच्या तोंडावर, अमेरिकेच्या अन्न आणि औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, निर्णय दिला: हा पदार्थ ‘फूड ॲडिटिव्ह’ धरला जाईल, आणि त्यासाठी लागणाऱ्या चाचण्या आधी करा. त्या चाचण्यांना वर्षं आणि पैसा लागणार होता. कंपनी बंद पडली.

ही गोष्ट इंटरनेटवर बहुतेक वेळा ‘साखर उद्योगाने केलेलं कारस्थान’ म्हणून फिरते. ते सिद्ध झालेलं नाही. संशोधक म्हणून आपण आधी काय पाहायचं? कारस्थान नसतं तरी हाच निर्णय लागला असता का? त्यासाठी १९५८ मध्ये जावं लागतं.

त्याआधी अमेरिकेत अन्नात घातलेला एखादा पदार्थ घातक आहे हे सरकारला सिद्ध करावं लागायचं. १९५० च्या दशकात जेम्स डिलेनी यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने अन्नातल्या रसायनांवर दीर्घ सुनावण्या घेतल्या, आणि सप्टेंबर १९५८ मध्ये कायदा बदलला. आता पदार्थ सुरक्षित आहे हे विकणाऱ्याने सिद्ध करायचं. सिद्ध करण्याचं ओझं एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर गेलं.

पण मग मिठाचं काय? व्हिनेगरचं काय? त्यांच्यावर कोणी तीन वर्षं प्रयोग करत बसणार नाही. म्हणून कायद्यात एक दार ठेवलं: जे पदार्थ तज्ज्ञांमध्ये ‘सर्वसाधारणपणे सुरक्षित’ मानले जातात त्यांना ही अट नाही. आणि १ जानेवारी १९५८ च्या आधी अन्नात सर्रास वापर होत असेल, तर त्या वापराचा अनुभवसुद्धा पुरावा म्हणून चालेल.

एफडीएच्या नियमांत अशा पदार्थांची उदाहरणं दिली आहेत. मीठ, व्हिनेगर, बेकिंग पावडर, आणि मिरी. मिरीकडे जरा बघा. तीही सुकवलेलं फळच, तीही परदेशातून आलेली, आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरची. पण तिच्यामागे दोन हजार वर्षांचा व्यापार आहे. जहाजांच्या याद्या, जकातीच्या नोंदी, युरोपातली स्वयंपाकाची पुस्तकं आहेत. मिरी रांगेत उभीच राहिली नाही, सरळ आत गेली. मिरॅकल बेरीचा वापर कदाचित तितकाच जुना असेल, पण तो आंबट ताडीच्या मडक्याशेजारी झाला होता, बंदराच्या वहीत नाही. व्यापाराने कागद मागे ठेवले आणि कागदाने मिरीला इतिहास दिला.

तिसरा पुरावा: ‘दुसरा स्वतंत्र स्रोत’

अमेरिकेच्या नियमात आणखी एक अडचण होती. ‘सर्रास वापर’ म्हणजे अमेरिकेतल्या ग्राहकांनी केलेला वापर, अशी व्याख्या एफडीएने धरली होती. म्हणजे एखादी गोष्ट कोट्यवधी चिनी लोकांनी शेकडो वर्षं खाल्ली असेल, तरी कायद्याच्या दृष्टीने तो अनुभव शून्य.

याला आव्हान मिळालं ते चीनमधून आणलेल्या एका मालामुळे. जिनसेंग आणि रॉयल जेली यांचं ते मिश्रण होतं. एफमली हर्ब या आयातदार कंपनीचा खटला नवव्या सर्किटच्या अपील न्यायालयात गेला आणि १९८३ मध्ये न्यायालयाने म्हटलं की संसदेने केलेल्या कायद्यात ‘फक्त अमेरिकेत’ असं कुठे लिहिलेलं नाही. एफडीए ती अट स्वतःहून घालू शकत नाही.

१९८८ मध्ये एफडीएने नियम बदलला, आणि बदललेला नियम आपल्यासाठी फार बोधक आहे. परदेशातला वापर चालेल, पण तो प्रसिद्ध झालेल्या किंवा इतर माहितीने दाखवायचा, आणि त्या माहितीला दुसऱ्या, स्वतंत्र स्रोताचा दुजोरा हवा. त्या स्रोताने वापराचा इतिहास आणि वापराची परिस्थिती या दोन्ही गोष्टींना पुष्टी द्यायची.

हे वाक्य एखाद्या इतिहास-संशोधन पद्धतीच्या पुस्तकातलं वाटतं ना? एका साक्षीवर विसंबू नका, दुसरी साक्ष पहिलीवरून उतरवलेली नसावी. आपल्याकडे पीएचडीच्या कोर्सवर्कमध्ये हे शिकवतात. इथे ते आयातीच्या नियमात लिहिलेलं आहे. आता लाबाचं १७३० चं पुस्तक पुन्हा आठवा. पुढे कोणी केवळ त्याच्या आधारे लिहिलं असेल, तर ते दुसरं पुस्तक ‘दुसरा स्रोत’ ठरेल का? नाही. दहा लेखांनी एकच मूळ उद्धृत केलं असेल तर साक्ष एकच. डॅनिएलची १८५२ ची नोंद मात्र वेगळी मोजता येईल, कारण त्याने वापराचे तपशील नव्याने टिपले.

चौथा पुरावा: १५ मे १९९७

आता युरोपात येऊया. १९९६ हे वर्ष तिथे अन्नाबाबतच्या भीतीचं होतं. मार्चमध्ये ब्रिटिश सरकारने ‘मॅड काउ’ रोग आणि माणसांमधला एक जीवघेणा मेंदूविकार यांचा संबंध असू शकतो असं मान्य केलं. वर्षाअखेर जनुकीय बदल केलेलं सोयाबीन युरोपच्या बंदरांत उतरलं. नवीन अन्नपदार्थांवरचा कायदा काही वर्षं चर्चेत होताच, तो जानेवारी १९९७ मध्ये मंजूर झाला. व्याख्या अशी: १५ मे १९९७ पूर्वी युरोपीय समुदायात लक्षणीय प्रमाणात खाल्लं न गेलेलं अन्न ‘नॉव्हेल’, म्हणजे नवं.

कायदा डोळ्यांसमोर ठेवत होता जनुकीय बदल केलेली पिकं. जाळ्यात मात्र जुनी फळंसुद्धा अडकली. वानुआतूसारख्या पॅसिफिक बेटांवर पिढ्यान्‌पिढ्या खाल्ल्या जाणाऱ्या नांगाई या कवचफळाला डिसेंबर २००० मध्ये परवानगी नाकारली गेली, कारण सुरक्षिततेची माहिती अपुरी होती. बाओबाबच्या सुकवलेल्या गराला २००८ पर्यंत थांबावं लागलं. बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. मुंबईतही तिची जुनी झाडं उभी आहेत. आफ्रिकेत तिचा आंबट गर पेजेत आणि पेयांत पूर्वीपासून आहे. पण ‘युरोपात’ आणि ‘१९९७ पूर्वी’ या दोन शब्दांपुढे त्या परंपरेचं वजन फारसं नव्हतं.

या कायद्याचा स्वभाव सगळ्यात छान कळतो तो गोजी बेरीच्या प्रकरणात. सुकवलेली गोजी चीनमध्ये फार जुन्या काळापासून खाल्ली जाते. सूप, चहा, औषध, सगळीकडे. २००० नंतर ब्रिटनमध्ये तिची ‘सुपरफूड’ म्हणून लाट आली, आणि २००७ च्या सुरुवातीला तिथल्या फूड स्टँडर्ड्स एजन्सीने विचारलं: ही १९९७ आधी आमच्याकडे खाल्ली जात होती का? दाखवा. पुरावे जमवले गेले, आणि जून २००७ मध्ये एजन्सीने मान्य केलं की आधीचा लक्षणीय वापर दिसतो, म्हणून ती ‘नवी’ नाही. वेगळ्या परवानगीची गरज उरली नाही.

काय मोजलं गेलं बघा. चीनमधली शतकं या प्रश्नापुरती निरुपयोगी होती. १९९७ च्या आधी आपल्याच देशात विकली आणि खाल्ली गेलेली गोजी मोजली गेली. आता कल्पना करा, ती आयात करणाऱ्या छोट्या दुकानदाराने जुनी बिलं रद्दीत दिली असती तर? बेरी तीच, खाणारे तेच, पण उत्तर उलटं आलं असतं. ‘पुरावा नाही’ आणि ‘वापर नव्हता’ ही दोन वेगळी विधानं आहेत. पण कायद्याच्या टेबलावर त्यांचा परिणाम एकच होतो. दप्तर सांभाळणारे यात जिंकतात.

मग हे नियम अन्यायीच म्हणायचे का?

इथपर्यंत वाचून राग आला असेल तर ते साहजिक आहे. पण दुसरी बाजू तितकीच खरी आहे, आणि ती न पाहता कोणी यावर सिनॉप्सिस लिहायला बसू नये.

कटुक नावाची एक भाजी आहे, शास्त्रीय नाव सॉरोपस अँड्रोजिनस. मलेशिया, इंडोनेशियात तिची पानं शिजवून खातात. आपल्या केरळ-तमिळनाडूतही ती परसात लावतात. १९९४-९५ मध्ये तैवानमध्ये वजन कमी करण्यासाठी याच पानांचा कच्चा रस रोज पिण्याची टूम निघाली. काही आठवड्यांत लोकांना दम लागू लागला. फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिका कायमच्या अरुंद झाल्या. काही जण दगावले, काहींना फुप्फुस बदलावं लागलं.

भाजी पारंपरिकच होती. पण परंपरा होती शिजवलेल्या पानांची, जेवणातल्या एका वाटीची. कच्चा रस, रोज, मोठ्या प्रमाणात, ही परंपरा कुठेच नव्हती. लोकांनी झाड उचललं आणि वापराची पद्धत मागे ठेवली.

गोजीबाबतही असंच एक उदाहरण आहे. २००१ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात एका चिनी वृद्धेची केस प्रसिद्ध झाली. ती रक्त पातळ ठेवणारं वॉरफरिन हे औषध घेत होती आणि सोबत गोजीचा काढा पीत होती. तिच्या रक्ताची गोठण्याची क्षमता धोकादायक पातळीपर्यंत कमी झाली. आता विचार करा, वॉरफरिन माणसांवर वापरायला लागले १९५० च्या दशकात. शेकडो वर्षांच्या परंपरेने गोजी ज्या माणसांवर तपासली त्यांच्यापैकी कोणीच हे औषध घेत नव्हतं. परंपरा हा मोठा प्रयोग आहे हे मान्य. पण तो त्या काळच्या माणसांवर, त्या काळच्या आहारात झाला. आणि हळू दिसणारे परिणाम, उदाहरणार्थ वीस वर्षांनी होणारा यकृताचा त्रास, कोणत्याही आजीच्या लक्षात फळाशी जोडून राहत नाहीत.

शिवाय वापराचा इतिहास झाडाबद्दल बोलतो, पोत्याबद्दल नाही. गोजीला २००७ मध्ये ‘जुनी’ म्हटलं म्हणून येणाऱ्या प्रत्येक पोत्याची कीटकनाशक-तपासणी माफ झाली नाही. सुकवताना गंधकाचा डायऑक्साइड वापरला आणि तो युरोपीय मर्यादेपेक्षा, म्हणजे किलोमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असला, तर वेष्टनावर लिहावंच लागतं. ही दोन वेगळी कुलुपं आहेत आणि प्रत्येकाची किल्ली वेगळी.

पंचवीस वर्षांचं दार

टीका होत राहिली आणि युरोपने कायदा बदलला. २०१५ चा नवा नियम १ जानेवारी २०१८ पासून लागू झाला. त्यात बाहेरच्या देशांतल्या पारंपरिक अन्नासाठी वेगळा मार्ग आहे: किमान एका देशात, मोठ्या संख्येने लोकांच्या नेहमीच्या आहारात, सलग किमान २५ वर्षं सुरक्षित वापर दाखवायचा. सदस्य देश आणि युरोपची अन्नसुरक्षा संस्था यांना आक्षेप घ्यायला चार महिने. ‘युरोपात खाल्लं होतं का’ हा प्रश्न या मार्गापुरता गेला.

डिसेंबर २०१८ मध्ये या दारातून एक बेरी आत आली: जपानच्या होक्काइदोमधली हास्काप, निळी, लांबट, आंबट. जपानमधल्या वापराच्या नोंदींवर तिला परवानगी मिळाली. पण परवानगीतलं वर्णन वाचा: ताजी आणि गोठवलेली फळं. म्हणजे इतिहास मान्य झाला तोही त्या रूपापुरता.

आणि आपली मिरॅकल बेरी? तिला या दाराने जाता आलं नाही. तिच्यासाठी पूर्ण ‘नॉव्हेल फूड’चा अर्ज झाला: रासायनिक घटक, साठवणुकीतली स्थिरता, जनुकांवरचा परिणाम, प्राण्यांवरचे अभ्यास. नोव्हेंबर २०२१ मध्ये सुकवलेल्या फळाला परवानगी मिळाली. तीही फक्त पूरक आहार म्हणून, प्रौढांसाठी, दिवसाला जास्तीत जास्त ०.७ ग्रॅम, आणि गरोदर किंवा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया वगळून.

शेवटची अट पुन्हा वाचा. गरोदर बायका ही बेरी खायच्या का, हा प्रश्न आपल्याला १७३० च्या पुस्तकापाशीच पडला होता. पिढ्यान्‌पिढ्या ते फळ खाणाऱ्या गावांतल्या बायकांना त्याचं उत्तर माहीत असणार. पण ते उत्तर वेळेवर, तपशिलाने, दोन स्वतंत्र ठिकाणी कोणी लिहून घेतलं नाही. जवळजवळ तीनशे वर्षांनी कायद्याने ती जागा रिकामी पाहिली आणि तिथे ‘नको’ लिहिलं.

आता तुमच्या वहीकडे

आपल्याकडेही हीच भाषा आली आहे. एफएसएसएआयच्या २०१६ च्या न्यूट्रास्युटिकल नियमांत, यादीत नसलेल्या घटकासाठी भारतात किमान १५ वर्षं किंवा मूळ देशात किमान ३० वर्षं वापराचा लेखी इतिहास मागितला आहे. शब्द ‘लेखी’ आहे हे बघा. करवंद, तोरणं, भोकरं, आळू, मोहाची फळं यांतलं काही उद्या सुकवून घटक म्हणून कुठे पाठवायचं ठरलं, तर कुणाला तरी हा इतिहास मांडावा लागणार आहे.

त्यामुळे तुम्ही वनस्पतिशास्त्र, अन्नतंत्र, मानवशास्त्र किंवा इतिहास, कशातही फील्डवर्क करणार असाल तर ‘स्थानिक लोक हे फळ खातात’ एवढं लिहून पुढे जाऊ नका. गाव आणि तालुका लिहा. सांगणाऱ्याचं वय आणि ती आठवण कोणत्या वर्षांची आहे ते लिहा. फळ कच्चं खायचे, उकडून की वाळवून. वाळवायचे तर उन्हात की चुलीवर. एका वेळी मूठभर की वाटीभर. हंगामात रोज की सणाला. आणि जे बहुतेक प्रबंधांत राहून जातं ते जरूर विचारा: कुणाला देत नाहीत? बाळंतिणीला, लहान मुलाला, तापात? ‘खात नाहीत’ हीसुद्धा सुरक्षिततेची माहिती आहे, आणि बहुधा सर्वात जुनी.

मग दुसरा स्रोत शोधा. जुनं गॅझेटिअर, वनखात्याच्या गौण वनोपजाच्या नोंदी, बाजार समितीची पावती, एखाद्या दुकानाची खतावणी, हर्बेरियमच्या कागदावरची चिठ्ठी. शोधताना एक गोष्ट तपासा: हा स्रोत पहिल्यावरून उतरवलेला तर नाही ना? नमुना गोळा केलात तर त्याचा क्रमांक मुलाखतीशी जोडून ठेवा, नाहीतर तीस वर्षांनी कोणी विचारेल की ‘आळू’ म्हणजे नक्की कोणतं झाड, आणि सांगणारं कोणी नसेल.

आणि मुलाखत देणाऱ्यांची परवानगी घेताना ही माहिती पुढे व्यापाराच्या कामी येऊ शकते हे त्यांना स्पष्ट सांगा. दे मार्शेच्या नोंदीत त्या फळाचं नवल आहे, खाणाऱ्या एकाही माणसाचं नाव नाही. आपल्या नोंदीत नाव असावं, त्यांना हवं असेल तर.